लाजतंय ते

रविवारी सकाळी सात, ऊन डोक्यावर यायच्या आत,
पटवर्धन मैदानाजवळच्या ठेल्यावर आम्ही तिघं,
हेमराज बारापात्रे, सुगंधा मेश्राम आणि मी.
पोह्यांवर तर्री, तर्रीत बुडालेले हरभरे,
आणि विषय तोच, सत्तावीस वर्षं जुना:
कंदिलांच्या बेटावरचा तो शिंपी,
ज्याच्या कोटाच्या खिशात शिडी मावायची.

“शिडी बे! आठ फुटाची!” हेमराज म्हणतो,
“अन् थोबाड असं, जसा रुमाल ठेवून राहिला.”

इतवारीत हेमराजच्या मामांचं टायपिंगचं दुकान.
मागच्या खोलीत संगणक, वर कूलरचा ओला भपकारा,
आणि पडद्याच्या तळाशी नऊ क्रियापदं.
उघड, ढकल, ओढ, बघ, बोल…
इंग्रजीत होती, आम्ही ती मराठीत दाबायचो.

सीडी बर्डीच्या फुटपाथवरची, वीस रुपयांची,
सोबतचं पुस्तक तिच्याबरोबर आलंच नव्हतं,
आणि खेळ सुरू होतानाच विचारायचा,
पान चौदा, ओळ तिसरी, शब्द पाचवा कोणता?
आम्ही शब्द ठोकत गेलो. समुद्र. चावी. आई.
एकोणचाळिसाव्या वेळी लागला तो कांदा,
तोही इंग्रजीतला, स्पेलिंग सुगंधाचं.
मामांनी दुकानभर समोसे वाटले,
काय झालंय ते न विचारता.

पुढेही कांदाच.
चौकातल्या घड्याळाला तो चोळायचा,
म्हणजे घड्याळ रडेल, रडलं की गंजेल,
गंजलं की त्यात बारा वाजणार नाहीत,
आणि बारा वाजले नाहीत तर भूत कशाला उठेल?
“बारा आपलेच वाजले होते,” सुगंधा म्हणते, “बारावीत.”

विनोद सगळे इंग्रजीत. शब्दकोश एक, डोकी तीन.
आधी शब्द सापडायचा, मग अर्थ,
आणि हसू यायचं भलतीकडेच,
रसायनशास्त्राच्या तासाला, सगळे गप्प असताना.
एक तर मला परवा कळला, मेडिकल चौकात, लाल सिग्नलवर.
लगेच फोन लावला.
“काऊन बे, तुले आता कळला?” हेमराज म्हणाला,
“सांग मग. मले तर अजून नाई कळला.”

चुकलो तरी शिंपी कधी रागवायचा नाही.
भिंतीशी बोला: “ऐकलं तिनं. विचार करून सांगते म्हणाली.”
समुद्र उचला: “नको, आत्ताच जेवलोय.”
आम्ही मुद्दाम चुकायचो, उत्तरं ऐकायला.
पुढे कुठल्या चुकीला कोणी असं बोललं,
आठवत नाही.
बँकेत तर नाहीच, वीस वर्षं झाली मला.

आणि दीपगृहाचं दार.
अकरा दिवस. शिडी लावली, कांदा चोळला, कात्री चालवली.
ढकललं की शिंपी म्हणायचा, “लाजतंय ते.”
बाराव्या दिवशी मामींनी आमरसाला हाक मारली,
आम्ही उठलो, संगणक तसाच सोडून.
हात धुऊन येतो तर दार सताड उघडं
आणि आतला म्हातारा म्हणतोय,
“केव्हाचा थांबलोय, तुम्ही जाल म्हणून.
कोणी बघत असलं की मला कडी निघत नाही.”

सुगंधा हे म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणते.
ठेलेवाला दर वेळी वळून बघतो.

आज हेमराज हसला नाही.
प्लेटमध्ये चमचा फिरवत राहिला.
“आमचा पोट्टा,” म्हणाला, “निकाल लागल्यापासून
दार लावून बसून राहते.
ढकलून पाहिलं. बोलून पाहिलं.
त्याच्या मायले बोलायला लावलं.
आता सांगा, काय वापरू?”

सुगंधा ठेलेवाल्याला म्हणाली,
“याले अजून तर्री दे गा.”
मग पर्स काखेत अडकवत,
“चला, फुटाळ्यावर जाऊन येऊ. घाई नाही ना कोणाला?”

हेमराजनं फोन काढला, बघितला,
आणि परत खिशात ठेवला,
शिडी ठेवावी तसा,
चेहऱ्यावर काही न दाखवता.